इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने फक्त इंग्रजीतच बोलावं का?

तुम्ही विचारलंय की पाचवीला इंग्रजी शिकवताना हिंदी पूर्ण बंद करावी का. मी इंदूरला हिंदी माध्यमाच्या मुलांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे. माझं मत: हिंदी बंद करू नका, पण ती कशासाठी वापरायची ते ठरवून घ्या.

रोजच्या सूचना इंग्रजीतच द्या. ‘ओपन युवर बुक्स’, ‘कम हिअर’ हे हातवाऱ्यांसकट रोज कानावर पडलं की मुलांना अर्थ सांगावा लागत नाही. आपण नेमकं उलट करतो. ‘कॉपी निकालो’ हिंदीत म्हणतो आणि व्याकरण इंग्रजीत समजावतो. मुलं ‘आय हॅव ईटन यस्टर्डे’ म्हणतात, कारण ‘मैंने कल ही खाया है’ हिंदीत चालतं. (आपल्या मराठीतही ‘कालच खाल्लंय’ चालतंच की!) इंग्रजीत ते का चालत नाही, हे हिंदीत दोन वाक्यांत सांगून टाका.

पण खरी अडचण मला वेगळीच सापडली. एकदा माझा तास फोनवर रेकॉर्ड करून ऐकला. मी पेन्सिल दाखवून ‘व्हॉट इज धिस?’ विचारते, मूल ‘पेन्सिल’ म्हणतं, मी ‘गुड’ म्हणते, झालं. सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये वर्गातल्या बोलण्याचा हाच साचा दाखवला होता: शिक्षकाचा प्रश्न, मुलाचं उत्तर, शिक्षकाचा शेरा. माझ्या तासात त्यापलीकडे काहीच नव्हतं. शिवाय मी थांबतही नव्हते. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि मागे पडणारी मुलंही बोलू लागली. उभ्या वर्गासमोर ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, पण गप्प राहा.

चूक सुधारतानाही तेच. एक मुलगी म्हणाली, ‘यस्टर्डे आय ईट भुट्टे का कीस’ (किसलेल्या मक्याच्या कणसाचा आमचा इंदुरी पदार्थ). मी लगेच, ‘ओह, यू एट इट?’ ती, ‘यस मॅडम.’ मी ‘ईट’चं ‘एट’ केलं, ही दुरुस्ती तिच्या लक्षातही आली नाही, तिला वाटलं मी कीसाबद्दलच विचारतेय. आता मी ‘यस्टर्डे यू…?’ एवढंच म्हणते आणि थांबते. परवा तीच जरा विचार करून म्हणाली, ‘आय एट. मॅडम, यू?’