चेनसॉ सुरू होत नसेल तर दोरी सोडा, प्लग खोला

प्रश्न : माझ्याकडे ५८ सीसीची चेनसॉ आहे. जूनमध्ये शेडात ठेवली ती दिवाळीनंतर बाहेर काढली. बांधावर पडलेली सुबाभूळ जळणासाठी तोडायची आहे. टाकीत पेट्रोल आहे, पण दोरी ओढून हात भरून आले तरी मशीन फुरफुरतसुद्धा नाही. काय करावं?
– एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : पहिलं काम म्हणजे दोरी ओढणं थांबवा. चोक लावून दोरी ओढत राहिलं की सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं, प्लग भिजतो आणि मूळ बिघाडावर आणखी एक बिघाड चढतो.

दुसरं, टाकीतलं जूनचं पेट्रोल ओतून टाका. नुसता वास घेऊन ते चांगलं आहे असं ठरवू नका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसाळी हवेत चार महिने टाकी अर्धवट भरून राहिली, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीतला फिल्टर नेमका तळालाच लोळत असतो, म्हणजे इंजिन पहिला घोट घेतं तो पाण्याचा. काचेच्या बाटलीत ओतून पाहा. खाली वेगळा थर दिसला तर निम्मं निदान तिथंच झालं. ताज्या १ लिटर पेट्रोलमध्ये चांगलं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनसाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) २० मिली (५०:१) घाला. मशीनच्या पुस्तकात २५:१ लिहिलं असेल तर ४० मिली. ऑइल मापानंच घाला, झाकणाच्या अंदाजानं नको.

आता प्लग खोला. तो ओला आहे की कोरडा, यावर पुढची दिशा ठरते.

ओला असेल तर पेट्रोल वर पोचतंय, पण पेटत नाही. फडक्यानं पुसा, कार्बन पितळी ब्रशनं काढा, टोकांमधली गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. मग स्विच बंद करून, चोक काढून, प्लगचं भोक जमिनीकडे करा आणि दोरी सात-आठ वेळा ओढा, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. सांडलेलं पुसून दहा मिनिटं वाळू द्या. ठिणगी तपासताना स्विच चालू करा, प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या फिन्सना (बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांना) टेकवा, पण भोकापासून लांब. आत वाफ असते, ती पेट घेऊ शकते. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नाही, तर आधी नवा प्लग लावून पाहा. तरीही नाही, तर स्विचकडून कॉइलला (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाला) येणारी वायर सोडवून पुन्हा पाहा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, स्विच किंवा वायर बॉडीला लागलीय. पावसाळ्यानंतर फ्लायव्हीलच्या (कॉइलसमोर फिरणाऱ्या चाकाच्या) चुंबकावर गंजही धरतो. तो पॉलिश पेपरनं काढा आणि कॉइल बसवताना मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरा. साधारण ०.३ मिमी अंतर बरोबर मिळतं.

प्लग कोरडा असेल आणि ठिणगी ठीक असेल, तर भोकातून अर्धा चमचा मिक्स पेट्रोल सोडा, प्लग बसवा, दोरी ओढा. मशीन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडली तर इंजिन निरोगी आहे, पेट्रोलची वाट तुंबलीय. तारेच्या आकड्यानं टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. काळा, कडक झाला असेल तर बदला. त्याच्या नळीला दाबून चिरा पाहा. टाकीचं झाकण किंचित सैल केल्यावर मशीन चालली तर हवा घ्यायचा व्हेंट बुजलाय. एवढं करून भागलं नाही तर कार्बोरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, पाहा. तो कापडासारखा लवचिक हवा. हातात घेतल्यावर प्लास्टिकसारखा कडकड वाजला तर त्याचं काम संपलं. डायफ्रामचं किट आणायला जाताना कार्बोरेटरच सोबत न्या, दिसायला सारख्या डायफ्राममध्ये भोकांचा फरक असतो. कार्बोरेटरच्या झाकणाखालची बारीक जाळीही धुवा, बरेच जण ती विसरतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन खोलायला देण्याआधी सायलेन्सरच्या तोंडात एक काडी घालून पाहा. शेडात ठेवलेल्या मशीनमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. धूर जायला वाट नसेल तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही असूनही इंजिन पेट घेत नाही.

सगळं जागेवर बसल्यावर मशीन जमिनीवर ठेवा, चेन ब्रेक लावा, मागच्या मुठीत बुटाचा पंजा रोवा. चोक पूर्ण लावून दोरी ओढा. एकदा ‘फट्’ आवाज आला की लगेच चोक काढा आणि मगच पुढची ओढ द्या. तो पहिला आवाज ऐकायचा हुकला की प्लग पुन्हा भिजलाच म्हणून समजा. मशीन हातात लटकवून, खाली झटका देत सुरू करू नका. साखळी मांडीशी येते.

प्रश्न : थंड असताना पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होते. अर्धा तास चालवून पेट्रोल भरायला बंद केली की पुन्हा धरत नाही. तासाभरानं आपोआप ठीक.
– एक वाचक, कागल

उत्तर : गरम इंजिनला चोक लावत असाल तर ते आधी थांबवा. तरीही तेच झालं, तर मशीन गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहा. थंड झाल्यावर पाहून उपयोग नाही. गरमपणी ठिणगी गायब आणि थंडपणी हजर, म्हणजे कॉइल गेली. ठिणगी असेल तर वरचं कव्हर काढून फिन्समध्ये दबलेला भुसा खरवडा. त्यानंतरही त्रास राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. १०० पीएसआयच्या खाली असेल तर रिंग-पिस्टन पाहावे लागतील. सायलेन्सर काढला की भोकातून पिस्टन दिसतो. उभे ओरखडे असतील तर बहुधा ऑइल कमी पडलंय.

प्रश्न : टू-टी मिळालं नाही तर मोटरसायकलचं इंजिन ऑइल मिसळलं तर चालेल का?
– एक वाचक, आजरा

उत्तर : नाही. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन साचतो, पिस्टनला हवं तसं वंगण मिळत नाही. अडचणीत ते साखळीच्या ऑइलच्या टाकीत घाला, पेट्रोलच्या टाकीत कधीच नको.