शून्य: रिकामे की फुगलेले?

खानापूर तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, भौतिकशास्त्राच्या टिपणात ‘तरंगफलनाची शून्ये’ (कण कोठे सापडेल हे सांगणाऱ्या गणिती फलनाची किंमत जेथे शून्य होते ते बिंदू) आणि बियाण्याच्या चाचणी-अहवालात ‘उगवण शून्य’ असे वाचनात आले. तेव्हा शून्याचे अनेकवचन करावे काय, आणि दोन्हीकडे शब्दाचा अर्थ एकच समजावा काय? अनेकवचन खुशाल करावे. शब्द नपुंसकलिंगी आहे, ‘शून्ये’ हे रूप निर्दोष आहे.

मला खटकते ते वेगळेच. बियाण्याच्या दुकानापासून व्याख्यानाच्या व्यासपीठापर्यंत ‘शून्य म्हणजे काहीच नाही’ हे वाक्य इतक्या सहजपणे फेकले जाते की, हा शब्द मुळात फुगण्याचा आहे याचा सर्वांना विसर पडला आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, ‘टुओश्वि गतिवृद्ध्योः’ (जाणे आणि वाढणे या अर्थांचा ‘श्वि’) असा धातू आहे. त्यापासून ‘शून’ म्हणजे सुजलेला, फुगलेला हे रूप होते आणि ‘शून्य’ त्याच्या पुढचे. जे बाहेरून फुगते ते आतून पोकळ राहते, हा त्यामागचा विचार. वैद्यकातला ‘शोथ’ (सूज) याच कुळातला. प्राकृतातल्या ‘सुण्ण’वरून मराठीत ‘सुन्न’ आणि ‘सुना’ आले, तर कन्नडमध्ये ‘सोन्ने’ झाले. म्हणजे आपल्या बेळगावात कन्नड शाळेतली मुले पाटीवर जी सोन्ने गिरवतात, ती बसून बसून सुन्न पडलेल्या पायाची सख्खी बहीण आहे. ‘सुजणे’ हे क्रियापदही मी याच घराण्यात धरतो.

परंपरेतील वैयाकरण मात्र ‘श्वन्’ म्हणजे कुत्रा या शब्दापासून, कुत्र्यांना सोयीची ती ओसाड जागा, अशी व्युत्पत्ती देतात. रूप साधणारे वचन, म्हणजे व्याकरणाचा नियम, त्यांच्यापाशी आहे, हे मान्य. पण वचनाने रूप साधते, अर्थाचा इतिहास नव्हे. ऋग्वेदात ‘शून’ हा शब्द उणीव या अर्थाने स्वतंत्रपणे येत असताना कुत्र्यामागे धावण्याचे कारणच काय?

भौतिकशास्त्रातले शून्यही असे निर्जीव नाही. पेटीत कोंडलेल्या कणाच्या तरंगफलनाला, भिंती सोडल्यास, सर्वांत कमी ऊर्जेच्या पहिल्या अवस्थेत एकही शून्य नसते, दुसरीत एक असते, तिसरीत दोन. त्या बिंदूवर कण सापडण्याची संभाव्यता शून्य असली, तरी तेथेच फलनाचे चिन्ह बदलते. आणि फलन संमिश्र (वास्तव व काल्पनिक असे दोन भाग असलेले) असेल, तर अशा शून्याभोवती फिरताना त्याची कला, म्हणजे आवर्तनातले कोनात मोजलेले स्थान, पूर्ण फेरे घेऊ शकते. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांनी १९३१ मध्ये चुंबकी एकध्रुवाचा (एकच ध्रुव असलेल्या कल्पित चुंबकाचा) युक्तिवाद मांडला तो या फेऱ्यांच्या आधारेच.

परंतु धातूचा मूळ अर्थ डोळ्यांनी पाहायचा असेल तर बैलहोंगलकडचे जुने सोयाबीन घ्यावे. साठवणीत वय होत जाते तसे त्यातल्या स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होते, पेशींची पटले (पातळ आवरणे) गळकी होतात आणि भिजवल्यावर साखर व क्षार पाण्यात पाझरतात. तरीही बी फुगते, कारण पाणी शोषणे ही केवळ भौतिक क्रिया आहे आणि ती मेलेल्या बियांतही घडते. ओल्या कागदात टपोरलेले, बोटाने दाबताच पिचणारे, मोड न आलेले ते बी एकाच वेळी ‘शून’ही असते आणि ‘शून्य’ही! याहून चांगला पुरावा कोणत्या कोशात मिळणार?

एक भेद मात्र पाळावा. नुकत्याच मळलेल्या भाताच्या कित्येक वाणांची उगवणही आरंभी जवळजवळ शून्य येते, पण ती सुप्तावस्था असते, मरण नव्हे. काही आठवड्यांनी तेच भात उगवते. उलट म्हातारे बी एका दिवसात शून्यावर येत नाही: आधी जोम घटतो, मग विकृत रोपे वाढतात, आणि सोयाबीनसाठी ठरलेली किमान ७० टक्क्यांची मर्यादा ओलांडून आकडा खाली घसरत जातो. म्हणून अहवालात नुसते ‘उगवण शून्य’ न लिहिता ‘शून्य टक्के’ लिहावे आणि न उगवलेल्या बियांपैकी सुप्त किती, मृत किती, हे त्यापुढे वेगळे नोंदवावे.