एमएनडी आहे म्हणून डाळ-अंडी बंद करू नका

ताई, वडिलांना एमएनडी, म्हणजे हालचालीच्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू झिजण्याचा आजार, निघालाय, डॉक्टर म्हणाले चेतापेशींत प्रथिन साठतं, आणि मिरजेहून घरी आल्यावर चुलत्यांनी त्यांची डाळ-अंडी बंद करायला लावली, असं तुम्ही लिहिलंय. ती आजच सुरू करा. मी डॉक्टर नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

पेशीत साठणारं प्रथिन ताटातून जात नाही. खाल्लेल्या डाळीची पोटातच अमिनो आम्लं होतात. साठतं ते पेशीने स्वतः बनवलेलं, बहुतेकदा टीडीपी-४३. ते एरवी पेशीच्या केंद्रकात राहून जनुकांचा निरोप नेणाऱ्या आरएनएचं काम बघतं. या आजारात ते बाहेर येऊन त्याच्या गुठळ्या होतात. म्हणजे आतलं काम अडतं, बाहेर अडगळ होते. हे २००६ मध्ये कळलं, आणि एएलएसच्या, म्हणजे एमएनडीच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, सुमारे ९७ टक्के रुग्णांत हेच दिसतं. पथ्याचा इथे काय संबंध?

आमच्या आबांना साताऱ्याजवळच्या एका केंद्राने ‘प्रथिन साफ करतो’ म्हणून नुसत्या रसांवर ठेवलं. आधीच स्नायू झिजणारे, त्यात उपास. वजन भराभर उतरलं. पुढे अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायची ठरली तोवर श्वास इतका कमजोर झालेला की भूल द्यायला डॉक्टर कचरत होते. पैसे गेले त्याचं काही नाही, पण ते वजन परत आलंच नाही. आजारी माणसाच्या तोंडचा घास काढणाऱ्यांना मी कधीच माफ करणार नाही.

साठणारं प्रथिन पेशीला कमी बनवू देणारं एक औषध खरंच आहे, टोफर्सन. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, कमरेतून मणक्यात देतात. पण ते फक्त एसओडी१ जनुकात दोष असलेल्यांसाठी, म्हणजे शंभरात दोघांच्या आसपास. घराण्यात आणखी कुणाला हा आजार असेल तर जनुक चाचणीचं जरूर विचारा. टीडीपी-४३ साठी असं औषध अजून नाही, कुणी काहीही सांगो. सांगलीची हळद आमटीत घाला, तिच्या महागड्या कॅप्सूल नकोत.

पाण्याने ठसका लागत असेल तर नाचणीची दाट पेज, तूप घातलेला मऊ वरणभात द्या. पातळापेक्षा दाट सोपं जातं. दर महिन्याला वजन लिहून ठेवा. पुढच्या भेटीत गिळण्याची आणि फुप्फुसांच्या ताकदीची तपासणी मागा, आणि नळीचा विषय तुम्हीच काढा, श्वास चांगला आहे तोवरच.