पाणी जिन्यावरून उतरतं

प्रश्न : माझा मुलगा न्यूयॉर्कला असतो. रोज स्टॅटन आयलंडहून बोटीनं येतो आणि धक्क्यालगतच्या साउथ फेरी स्थानकात जमिनीखाली उतरून मेट्रो पकडतो. ते स्थानक एकदा छतापर्यंत बुडालं होतं, असं ऐकल्यापासून माझा डोळा लागत नाही. त्याच्या जिवाला धोका आहे का?
– एक आई, नारायण पेठ, पुणे

उत्तर : ताई, बुडालं होतं हे खरं. २९ ऑक्टोबर २०१२, सँडी वादळ. त्या दिवशी कोजागरी होती, म्हणजे आधीच पुनवेचं उधाण आणि त्यावर वादळानं लोटलेला समुद्र. पण मेट्रो आदल्या संध्याकाळी सात वाजताच बंद केली होती. स्थानक बुडालं तेव्हा तिथे एकही प्रवासी नव्हता.

बोगदा फुटून पाणी आत येतं, असं आपल्या मनात बसलेलं असतं. तिथे तसं झालं नाही. पाणी रस्त्यावरून आलं आणि माणसं उतरतात त्याच जिन्यांनी उतरलं.

ते नवं स्थानक २००९ मध्येच सुरू झालं होतं. बुडाल्यावर पुन्हा उघडायला जून २०१७ उजाडला. इतकी वर्षं का लागली, हे मला आमच्या आईच्या शिलाई मशीनमुळे कळतं. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, ते शनिवार पेठेतल्या आमच्या घरात चिखलात गाडलं गेलं. मी दहा वर्षांचा होतो. आईनं ते धुतलं, पुसलं, तेल घातलं आणि पुढे त्यावर माझ्या बहिणीचे परकर शिवले. नदीचा गाळ धुऊन जातो. समुद्राचं पाणी ओसरलं तरी मीठ मागे राहतं, ते सिग्नलच्या तारा आणि जोडण्या आतून खात राहतं. चाळीस वर्षं विजेच्या कामात काढलेला माणूस म्हणून सांगतो, अशी यंत्रणा बदलावीच लागते.

तोवर त्यांनी शेजारचं १९०५ चं जुनं स्थानक पुन्हा उघडलं. २०१५ मध्ये लेकीकडे गेलो तेव्हा मी तिथे उतरलो. फलाट इतका वळणावर की पुढच्या पाचच डब्यांची दारं उघडायची आणि मधली फट भरायला लोखंडी पट्ट्या सरकत बाहेर यायच्या. मी सहाव्या डब्यात होतो. एका बाईंनी हाताला धरून पुढे नेलं, त्यांचा चेहरा अजून आठवतो.

आता नव्या स्थानकाच्या तोंडाशी पूर अडवणारी दारं बसवली आहेत. आपल्याकडेही सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो मुठेच्या पात्राखालून कसबा पेठेत येते. तिथेही मी आधी जिन्याची पायरी रस्त्यापेक्षा किती उंच आहे, ते पाहतो.

रोजच्या प्रवासाची काळजी सोडा. मात्र तिकडे जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस असतात. वादळाचा इशारा असेल आणि त्यातच पौर्णिमा किंवा अमावास्या आली, तर त्याला फोन करा आणि घरीच थांबायला सांगा. तसंही मोठ्या वादळात ती बोटही सुटत नाही.