म्युनिकमध्ये दिवस जात नाही म्हणता? आधी कुठेतरी रतीब लावा

तुमचा प्रश्न परवाच वाचला होता. घाईत लिहिलं असतं तर ‘होईल हो सवय’ एवढंच लिहून मोकळी झाले असते, आणि मी नवी असताना या वाक्याचा मला भयंकर राग यायचा. म्हणून आज निवांत बसून लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून म्युनिकला येऊन पाच आठवडे झाले, ते सकाळी आठला बाहेर पडतात, भाषा येत नाही, मारिएनप्लाट्झ आणि राजवाडे बघून झाले, आणि आता अकरा वाजताच ‘पुढे काय’ असं होतं. मी २०१३च्या ऑक्टोबरात सांगलीहून अशीच आले. माझी चूक ही झाली की मी शहर बघत सुटले. रोज नवी जागा, रोज अनोळखी चेहरे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आदल्या दिवसाइतकीच परकी.

कागदपत्रं तुमच्या यजमानांनी केली असतील, तरी खात्री करा. नव्या घरात आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. टपालपेटीवर आणि बेलवर तुमच्या दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. इथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, नाव बघतो. माझं कराच्या नंबराचं पत्र यायला उशीर झाला तो एवढ्यासाठीच. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र आलं तर फसवणूक समजून फाडू नका. घटकाभरही टीव्ही लावला नाही तरी प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावेच लागतात. पण घराला एकच, तुमचे वेगळे नाहीत. आणि यजमानांचा आरोग्यविमा सरकारी योजनेतला असेल तर तुमची कमाई नसताना तुम्ही त्यातच फुकट येता. हे एकदा कार्यालयात विचारून घ्या.

आता रतीब. आपल्याकडे दूधवाला, पेपरवाला, कोपऱ्यावरचा वाणी यांच्याशी आपण काही खास बोलत नाही, पण त्यांना आपण माहीत असतो. इथे तेच नाहीसं होतं आणि माणूस सुटल्यासारखा होतो. म्हणून घराजवळची एकच बेकरी धरा. रोज साधारण त्याच वेळेला जा आणि एकच वाक्य बोला: ‘ग्र्युस गॉट, आयने ब्रेत्सं, बिटं.’ म्हणजे ‘नमस्कार, एक ब्रेत्सं द्या’; ब्रेत्सं हा इथला गाठ मारलेला खारा पाव. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या या राज्यात, ‘गुटेन टाग’पेक्षा ‘ग्र्युस गॉट’ला चेहरा लवकर खुलतो. पहिले पंधरा दिवस काहीही होणार नाही. मग एक दिवस काउंटरवरची बाई तुम्ही बोलायच्या आत ब्रेत्सं उचलेल. मी त्या दिवशी बाहेर येऊन बाकावर बसून रडले होते. आता सांगायला हरकत नाही.

बेकरीसारखंच आठवड्याचं एक ठिकाण हवं. महानगरपालिकेच्या वाचनालयाच्या शाखा शहरभर आहेत. मी मंगळवार आणि गुरुवार लहान मुलांच्या कपाटापाशी बसायचे. चित्रांच्या पुस्तकातलं जर्मन मला झेपत होतं. भाषेसाठी फोल्क्सहोखशुले, म्हणजे पालिकेची प्रौढांची शाळा, तिथे नाव घाला. इंटिग्रेशनचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांना इथे रुळायला मदत करणारा, सर्वसाधारण कोर्स ६०० तासिका भाषेच्या आणि १०० इथल्या कायदा-समाजाच्या असा असतो. ऐकून घाबरायला होतं. पण भाषेआधी तुम्हाला एक बाक मिळतो आणि शेजारी कुणी सिरियाची, कुणी ब्राझीलची, तुमच्याइतकीच गोंधळलेली. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं भाषा येईल, बाक मिळणार नाही.

प्रवासाचं: डॉइचलांडटिकेट, म्हणजे महिन्याचा पास, घेतलं तर देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम चालतात. मे २०२३मध्ये ते ४९ युरोला निघालं, जानेवारी २०२५पासून ५८ झालं आणि जानेवारी २०२६पासून ६३. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं तर पुढचा महिना लागत नाही, म्हणून भारतात जाताना विसरू नका. सुटी तिकिटं घेत असाल तर कागदी पट्टीवर शिक्का मारायचं मशीन वेगळं असतं. मी तिकीट काढलं, शिक्का मारला नाही, आणि ६० युरो दंड भरला. तपासनीस अगदी सभ्यपणे बोलत होता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही विचारलंय की तूरडाळ पाच शिट्ट्यांनीही का शिजत नाही. डाळ जुनी नाही, पाणी जड आहे. इथलं नळाचं पाणी बरंचसं मांगफाल खोऱ्यातून येतं, प्यायला उत्तम, पण त्यात चुना भरपूर. कॅल्शियममुळे डाळीचे कण मऊ पडायला वेळ घेतात. डाळ दोन तास भिजवा, चिमूटभर नाट्रोन म्हणजे खायचा सोडा टाका, मीठ शेवटी. केटलीत पांढरा थर बसेल, तो व्हिनेगरनं जातो. पोळ्यांसाठी सुरुवातीला कणीक शोधत हिंडू नका. मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला, गोएथेश्ट्रासे आणि लांडवेअरश्ट्रासेच्या आसपास तुर्की आणि आशियाई दुकानं आहेत, तिथे आधी बघा. कोथिंबिरीची जुडीही तिथे हातभर मिळते. श्रीखंडासाठी चक्का टांगायची गरज नाही: चाळीस टक्केवालं क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ, आणा, साखर, वेलची, केशर. सांगलीची माणसं नाक मुरडतील, पण मुलांना फरक कळत नाही.

फोडणी देताना मात्र खिडकी सताड उघडा. धुराचा अलार्म छताला असतो आणि त्याला मोहरी कळत नाही. तशीही रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलायची असते, थंडीतसुद्धा. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना त्यावरून अनामतीची भांडणं होतात. अनामत म्हणजे कॅल्टमिटंच्या, मूळ भाड्याच्या, जास्तीत जास्त तिप्पट घेता येते, त्याहून कुणी मागितली तर देऊ नका.

रविवारचं वेगळं सांगते, कारण पहिल्या रविवारी मी दूध संपलं म्हणून तासभर फिरले होते. दुकानं बंद. बव्हेरियात एरवीसुद्धा रात्री आठला शटर पडतं. मुख्य स्टेशन आणि ओस्टबानहोफ, म्हणजे पूर्वेकडचं स्टेशन, इथे काहीतरी उघडं सापडतं. तशीच शांततेची गोष्ट: रात्री दहा ते सहा आणि रविवारी मिक्सर, ड्रिल, हातोडा नको. काही इमारतींत दुपारीही नको. चटणी शनिवारीच वाटून ठेवा. काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी कंटेनरमध्ये टाकायच्या नसतात, आवाज होतो म्हणून. ज्यांच्यावर अनामत असते, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८, त्या दुकानातल्या मशीनला परत द्या. मला तर हे आपल्या रद्दीवाल्याचंच मशीन वाटतं.

एक आनंदाची जागा सांगायची राहिली. इथल्या बिअरगार्टनमध्ये, टेबलावर कापड नसलेल्या भागात, घरचं खाणं न्यायला परवानगी असते. १८१२ साली राजानं दारूभट्टीवाल्यांना तळघराबाहेर बिअर विकायला दिली, पण जेवण विकायला नाही, तेव्हापासूनची रीत. आम्ही इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेत चिनी मनोऱ्याखाली थालीपीठ आणि ठेचा घेऊन बसतो, आणि बिअर नको असेल तर सफरचंदाचा सोडा घातलेला रस मिळतो. शेजारच्या टेबलावरचे ‘हे काय?’ विचारतातच. माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण ठेच्यातून मिळालेली आहे. बिचारीनं मोठा घास घेतला होता.

घरी फोन कधी करू, असं तुम्ही लिहिलंय. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. माझा सल्ला जरा कठोर वाटेल: सकाळी फोन करू नका. सकाळी फोन केला की दिवस तिकडचा होतो, मग बेकरीत जायचा कंटाळा येतो. दुपारी जेवण झाल्यावर करा, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते, आईही निवांत असते. नोव्हेंबरात साडेचारला अंधारायला लागेल, तेव्हा हे जास्त पाळा आणि दुपारी उजेड असतानाच बाहेर पडून या.

शेवटचा प्रश्न, सासूबाई जानेवारीत येतायत तर काय मागवू. कुकर मागवा, पण तळ इंडक्शनला चालणारा, स्टीलचा. ॲल्युमिनियमचा इथल्या बऱ्याच शेगड्यांवर तापतच नाही. झाकणाच्या जादा रिंगा दोन. गोडा मसाला, कोकम, भाजणी. पेढे, खवा, घरचं तूप नको, त्यांना आधीच सांगा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि विमानतळावर डबा उघडून टाकून देताना बघणं त्यांना सोसणार नाही. ताजा कढीपत्ताही नको, त्याला वनस्पतींचं प्रमाणपत्र लागतं. नारळाला लागत नाही, तो मात्र येऊ दे.