मोलेचे तीन दिवस, आईवडील आणि मुलगा सोबत असताना

डिसेंबरात पुण्याहून तीन दिवस, स्वतःची गाडी, सोबत साठी ओलांडलेले आईवडील आणि आठ वर्षांचा मुलगा, आणि कॅसलरॉककडून रुळावरून चालत दूधसागर करायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. मी गोव्यातल्या फोंड्याचा, दूधसागरच्या बाजूचं मोले हे जंगलालगतचं गाव आमच्याकडून तासाभराच्या आत, त्यामुळे वर्षातनं चार-पाच फेऱ्या होतातच.

रुळावरून चालायचं मनातनं काढून टाका. ते बेकायदा आहे, रेल्वे पोलीस अडवतात, आणि बोगद्यात गाडी आली तर मुलाला घेऊन उभं कुठे राहणार?

दूधसागरला सरळ मोलेजवळच्या कुळे गावाहून जीप घ्या. पावसाळ्यात बंद असतात, साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, जंगलातून ओढे ओलांडत नेतात, मग शेवटी दगडधोंड्यांतून थोडं चालायचं. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर काठी आणाच. लाइफ जॅकेट घालावंच लागतं आणि खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडं सोडत नाहीत. ३१० मीटरचा धबधबा, डिसेंबरात पावसाळ्याइतका रौद्र नसतो पण पाणी चांगलं असतं. शनिवार-रविवार टाळा, आणि सकाळी साडेसातला काउंटरवर हजर राहा, दहाला पोचलात तर अर्धा दिवस रांगेतच जातो.

पण मला विचाराल तर तुमच्या घरच्यांना जास्त आवडेल ते तांबडी सुर्ला. कदंब राजांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, काळ्या बेसाल्टचं, बाजूला नदी आणि मागे सगळा सह्याद्री. आत डोकं नसलेला नंदी आहे, एका खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय, मुलाला तो शोधायला लावा. छतातलं कमळ बघायला मान वर करून जरा वेळ उभं राहावं लागतं, आणि इतक्या आडबाजूला आहे म्हणूनच हे देऊळ पाडापाडीतून वाचलं असं आमच्याकडे मानतात. देवळाचं तोंड पूर्वेला, त्यामुळे सकाळीच जा. माझे वडील थकल्यावर तिथे नदीकाठी दोन तास नुसते बसून होते, निघायलाच तयार नव्हते. तिथून रानातून तांबडी सुर्लाच्या धबधब्याकडे वाट जाते, ती मात्र वनखात्याच्या गेटवर विचारून आणि गावातला माणूस सोबत घेऊनच, वाट चुकणं सोपं आहे. आईवडील देवळाशी थांबतील, तुम्ही दोघं बापलेक जाऊन या.

तिसऱ्या दिवशी सांग्यावरून नेत्रावळी. गोपीनाथाच्या देवळापुढे बुडबुड्यांची तळी आहे, पायऱ्यांवर बसलं की तळातून बुडबुडे वर येताना दिसतात, आजी-आजोबा आणि नातू तिघांनाही चालेल असं ठिकाण. तिथला सावरी धबधबा जमला तर बघा, मैनापी धबधबा या खेपेला सोडा, चाल जास्त आहे.

मुक्काम मोलेलाच करा, पणजीहून रोज ये-जा केली तर मुलगा गाडीतच कंटाळेल. पहाटे धनेश आणि शेकरू दिसायची शक्यता असते, गवे संध्याकाळी रस्त्यावर येतात म्हणून अंधारात गाडी हळू. अनमोड घाटातून उतरणार असाल तर ट्रक खूप असतात, दिवसाउजेडीच उतरा. रानात पूर्ण बाह्या आणि मोजे घाला, परत आल्यावर मुलाच्या अंगावर गोचीड आहे का बघा. रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि पेट्रोल फोंड्यातच भरून घ्या.