गोळीवर आलेला आळ

“मॅडम, बीपीची गोळी एकदा सुरू झाली की पुरुष बाद होतो म्हणतात. खरंय का?”

समुपदेशनाच्या कामात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की विचारण्याआधीच त्याची चाहूल लागते. कोणी तो झोपेच्या तक्रारीत गुंडाळून आणतो, कोणी मित्राच्या नावावर विचारतो. बायका दुसऱ्या वाटेने येतात. त्या म्हणतात, “ह्यांचं माझ्यावरचं मन उडालंय.” पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं एकाच घरातली असतात, फक्त ती एकमेकांना ऐकवलेली नसतात. म्हणून एका जोडप्याची हकिगत सांगते. त्यांच्या संमतीने, आणि ओळखीच्या खुणा बदलून. कारखान्यातले लोक त्यांना दादा म्हणत, मीही दादाच म्हणेन. त्यांच्या पत्नी म्हणजे ताई.

आधी ताई आल्या, गणपती उठल्यावर. मुलगा मोबाइल सोडत नाही, ही तक्रार घेऊन. वीसेक मिनिटं मुलाबद्दल बोलल्या आणि मग पिशवीतून कारखान्याच्या गणवेशाचा निळा शर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवला. खिसा उलटा केला. आतल्या शिवणीत खडूसारखी पांढरी भुकटी वाळून बसली होती.

“धुवायला टाकताना खिसा बघायचा राहिला. ही बीपीची गोळी आहे, मॅडम. पाकिटातली रोज एक कमी होते, मला वाटायचं हे घेतायत. आणि ही इथं खिशात निघते. माझ्याशी खोटं का बोलतात? आता झोपतातसुद्धा बाहेर हॉलमध्ये. दुसरं कोणी असेल का हो?”

दादांना यायला आणखी तीन आठवडे लागले. वय सत्तेचाळीस, एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर, तिन्ही पाळ्या, दाढेखाली तंबाखू. खुर्चीवर बसले ते दाराकडे तोंड करून.

“बाईमाणसासमोर हे काय बोलायचं?”

“मग मीच बोलते. लिंगाला ताठरता येतच नाही, की येते आणि टिकत नाही?”

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “दुसरं.”

हे शब्द समुपदेशकाने आढेवेढे न घेता उच्चारले, की समोरच्याचे खांदे खाली येतात. इतक्या वर्षांच्या कामात मला हे नेहमी खरं ठरलेलं दिसलंय. दादा मग बोलत सुटले. जानेवारीत, संक्रांतीनंतर, कारखान्यात तपासणी शिबिर झालं. बीपी निघालं १७०/१०४. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती सुरू केली आणि “सगळं गेलं”. मोबाइलवर शोधलं तर तिथेही तेच लिहिलेलं. मार्चपासून गोळी बंद. रोज सकाळी ताईंसमोर पाकिटातून काढायची, खिशात टाकायची आणि कारखान्याच्या गेटबाहेर फेकायची. कधी फेकायची राहून जायची.

“गोळी बंद केल्यावर जमायला लागलं?”

“नाही.”

“सहा महिने झाले की.”

“अंगात भिनलीय ती.”

मी वाद घातला नाही. ज्याच्यावर आळ घेतलाय त्याला निर्दोष ठरवायला गेलं की माणूस आपल्यालाच त्याचा वकील समजतो. मी एवढंच म्हटलं, पुढच्या वेळी ताईंना घेऊन या.

त्या दिवशी दोघं दोन टोकांना बसले. मी दोघांना एकच प्रश्न विचारला: हे नेमकं कधीपासून? दादांनी लगेच उत्तर दिलं, “संक्रांतीनंतर. गोळीपासून.” ताई गप्प होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग दादांकडे न बघता म्हणाल्या,

“नाही हो. तुम्ही हॉलमध्ये झोपायला गेलात ना पहिल्यांदा, तेव्हा गॅलरीत आकाशकंदील होता. त्याचा लाल उजेड तुमच्या तोंडावर येत होता. झोपमोड होईल म्हणून मी उठून बटण बंद केलं होतं.”

खोलीत कोणी बोललं नाही. दादांनी मान हळूहळू त्यांच्याकडे वळवली.

“मी जागाच होतो,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार होतो? दसऱ्यापासनं दोन-तीनदा तसं झालं होतं. वाटलं, पुन्हा तसंच झालं तर तू काय म्हणशील.”

आकाशकंदील दिवाळीचा आणि गोळी संक्रांतीनंतरची. मला काही सिद्ध करावंच लागलं नाही. वर्षभर जो प्रश्न दादांनी फोनला विचारला, त्याचं उत्तर शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या बाईकडे होतं. आणि ताईंनाही त्या दिवशी कळलं, की मन उडालेला माणूस अंधारात असा जागा पडून राहत नाही.

मला तेव्हा जे उमगलं ते पुढे प्रत्येक अशा घरात उपयोगी पडलंय. गोळीवर आळ घेणं सोपं असतं, कारण गोळी फेकून देता येते. बीपी फेकता येत नाही. वयही नाही आणि भीतीही नाही.

आता शरीराचं. ताठरता म्हणजे शेवटी रक्तपुरवठा. इच्छा झाली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून आणि तिथल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिन्या सैल होतात, रक्त भरतं. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाने हे अस्तर खराब होतं, वाहिन्या कडक आणि अरुंद होतात. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. अर्थात बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ही तक्रार कित्येकांत छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी येते. दादांचं बीपी शिबिरात कळलं, पण ते तिथे सुरू झालं नव्हतं. बीपी न दुखता, न खुपता वाढतं. शरीराने दसऱ्यालाच सांगावा धाडला होता. तंबाखू त्यात भर घालतच होती.

मग गोळीचा काहीच दोष नाही का? काही गोळ्यांचा असतो, आणि तो लपवून मी कुणाचंही भलं करणार नाही. क्लोरथॅलिडोनसारख्या ‘पाण्याच्या’, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या, गोळ्या आणि अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारख्या जुन्या बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या, गोळ्यांनी काहींना हा त्रास होतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन, अॅम्लोडिपिन यांनी सहसा होत नाही. म्हणजे पर्याय आहेत, पण ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मिळत नाहीत. गोळी मनाने बंद करणं, त्यातही बीटा ब्लॉकर एकदम तोडणं, जिवावर बेतू शकतं.

आणि भीतीचं काय? इटलीतल्या डॉक्टरांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी अशा प्रत्येकाला सांगते. हृदयविकाराचं नव्याने निदान झालेल्या, आधी ही तक्रार नसलेल्या ९६ पुरुषांना अॅटेनोलॉल दिली. एका गटाला कुठली गोळी ते सांगितलंच नाही, दुसऱ्याला नाव सांगितलं, तिसऱ्याला नावही सांगितलं आणि ‘यामुळे ताठरतेचा त्रास होऊ शकतो’ हेही. गोळी तीच. पहिल्या गटात ३२ पैकी एकाला त्रास झाला, दुसऱ्यात पाच जणांना, तिसऱ्यात दहा जणांना. दादांनी हे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे मी वाचलं तिथंच मेलो.”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीत शिकले, आणि तिचं मोल मला अशा वेळी कळतं. माणसाला घटना जितकी पाडते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दलचं त्याचं वाक्य पाडतं. दादांचं वाक्य मी त्यांनाच कागदावर लिहायला लावलं: ‘पुरुषाला दर वेळी जमलंच पाहिजे, नाहीतर तो पुरुष कसला.’ मग पेन त्यांच्याच हातात ठेवून म्हटलं, यातला फक्त ‘च’ खोडा. खोडून त्यांनी ते मोठ्याने वाचलं. “जमलं पाहिजे... म्हणजे जमलं तर बरं.” “आणि नाही जमलं तर?” यावर ताईच म्हणाल्या, “तर काय, झोपायचं. पण आत येऊन.”

घरी करायला एकच गोष्ट दिली. तीन आठवडे संबंध ठेवायचा नाही. एका खोलीत झोपायचं, जवळ यायचं, पाठीला तेल चोळायचं, बोलायचं, आणि तिथेच थांबायचं. परीक्षाच रद्द झाली की शरीराला उसंत मिळते. स्वतःवर पहारा ठेवणाऱ्या माणसाला सुख घेता येत नाही.

त्याचबरोबर त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं, ताईंना बरोबर घेऊन, आणि काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून: ‘गोळी बंद केली होती. ताठरतेची तक्रार आहे. गोळी बदलता येईल का?’ बीपी १६८/१०२ निघालं. डॉक्टरांनी पाण्याची गोळी काढून दुसरी दिली, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करायला सांगितलं. दहा मिनिटांत काम झालं, ज्यासाठी दादांनी वर्ष घालवलं.

एक गोष्ट बजावून सांगते. दादांनी मधल्या काळात एसटी स्टँडजवळच्या तंबूतून ‘ताकदीचं’ चूर्ण आणि दुसऱ्या गावच्या मेडिकलमधून ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी, दोन्ही आणलं होतं. सिल्डेनाफिल चांगलं औषध आहे, बीपी आटोक्यात असलेल्या कित्येकांना डॉक्टर ते देतातही. पण छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी जो घेतो, त्याचं बीपी दोन्ही एकत्र झाल्यावर एकदम कोसळतं. माणूस दगावू शकतो. आणि अशा काही चूर्णांत हीच गोळी न सांगता मिसळलेली सापडली आहे. संबंधाने हृदयावर ताण येईल का, हीही भीती असते. दोन जिने धाप न लागता, छाती न दुखता चढता येत असतील, तर बहुतेकांना ती बाळगायचं कारण नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

चार महिन्यांनी दादांचं बीपी १३२/८४ होतं. तंबाखू सुटली नाही, पण बरीच कमी झाली. जेवणातलं लोणचं-पापड गेलं. “पूर्वीसारखं दर वेळी नाही जमत,” ते म्हणाले, “पण आता मोजत नाही.” खुर्ची दाराकडे नव्हती.

ताईंचं मात्र माझ्याकडूनही राहून गेलं होतं. हे मनापासून लिहिते, कारण बाईला हा प्रश्न कोणीच विचारत नाही. बीपीने बाईच्याही त्या भागाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. कोरडेपणा येतो, दुखतं, इच्छा मंदावते, आणि ती ते ‘वय झालं’ म्हणून गिळून टाकते. शेवटच्या भेटीत मी विचारलं, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, “दुखतं. पण ह्यांचंच एवढं चाललेलं, त्यात माझं कुठं सांगू?” कधी बीपी मोजलंय का, विचारलं. मुलाच्या बाळंतपणात, म्हणाल्या. म्हणजे सतरा वर्षांपूर्वी.

त्या आठवड्यात दादाच त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. १५२/९६. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. कोरडेपणासाठी डॉक्टरांनी जेलही लिहून दिलं. आता त्यांच्या ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी स्टीलची एक डबी असते, तिच्यात दोन पाकिटं. सकाळी चहा गाळला की दोघं एकमेकांसमोर गोळी घेतात आणि दादा जीभ बाहेर काढून दाखवतात.